पाटकऱ्याचं नाव

लोटननानांचं नाव मी माझ्या हाताने खोडलं. मारुतीच्या पारावर बसून, मांडीवर फाईल ठेवून, लाल पेनने. नाना समोरच उकिडवे बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघ कुठे ओढली ते त्यांना बरोबर कळलं.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी धुळ्यातल्या एका संस्थेत प्रोजेक्ट ऑफिसर होते. दिल्लीहून छोटी अनुदानं यायची. आपल्या पाण्यासाठी, झाडांसाठी काय करायचं ते गावाने ठरवायचं. अंगमेहनत गावाची, सिमेंट-लोखंड अनुदानातून. हवामान बदल हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता. पाऊस लहरी झालाय, एवढं मात्र साक्री तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगायचं.

पांझरा नदीकाठच्या नानांच्या गावाचा अर्ज होता बंधाऱ्यासाठी. जुना दगडी बंधारा गळत होता, पाटाला पुरेसं पाणी चढत नव्हतं. त्या पाटावर गावाचे फड होते. फड म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. आणि मुख्य नियम असा की आपलं वावर, म्हणजे शेत, आपण भिजवायचं नाही. पाणी देणार तो गावाने नेमलेला पाटकरी. त्याला सुगीला प्रत्येक खळ्यावरून धान्य मिळायचं. इथे पाटकरी होते लोटननाना, त्यांच्या आधी त्यांचे वडील.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर ‘पाणी व्यवस्थापक’ असा रकाना होता. खाली बारीक अक्षरात अट होती की व्यवस्थापक लाभार्थी असावा. लाभार्थी म्हणजे ज्याची जमीन या पाण्यावर भिजते तो. पहिल्या भेटीत मी नानांचं नाव लिहिलं आणि मग सहज विचारलं, "नाना, तुमची जमीन किती?"

"नही."

"थोडीसुद्धा नाही?"

नाना हसले. "माले वावर नही, म्हनीसन त पानी मना हातमा शे, ताई."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, म्हातारा कोड्यात बोलतोय. खरं तर त्यांनी मला सगळी पद्धत एका वाक्यात सांगितली होती: वावर नाही, म्हणूनच पाणी हातात.

धुळ्याला परत आल्यावर संस्थेतल्या साहेबांना या अटीबद्दल विचारलं.

"एखाद्या शेतकऱ्याचं नाव टाका ना," साहेब म्हणाले. "पाणी नानाच सोडू देत. पाट कोण फोडतो ते दिल्लीला दिसत नाही."

"म्हणजे कागदावर खोटं लिहायचं?"

"फॉर्म भरायचा. खोटं कसलं त्यात?"

मला राग आला. मी तेव्हा तत्त्वाची होते. कागदावर एक आणि गावात दुसरं, हे मला चालणार नव्हतं. साहेबांना मी आळशी समजत होते. त्यांचा आळस गावाला परवडला असता.

पुढच्या आठवड्यात मी मीटिंग बोलावली. भास्कर नावाचा तरुण पुढे आला. बी.ए. झालेला, सरळ, कामसू. त्याचं वावर याच पाटावर, दुसऱ्या फडात होतं. एक म्हातारे आबा तेवढे कुरकुरले, "पानी नाना सोडस तेच बरं शे, ताई." मी त्यांना नियम वाचून दाखवला. छापील कागद बघून आबा मागे सरकले. मग मी ती रेघ ओढली.

नाना भांडले नाहीत. तीन दिवस भास्करला घेऊन पाटावरून फिरले. कुठे खेकडे पोखरतात, कुठली माती लवकर पाणी पिते, कुणाचं वावर उताराचं आहे, सगळं दाखवलं. मग आपलं फावडं त्याच्या हातात दिलं. मी त्या दोघांचा फोटो काढला. रिपोर्टला तो फार छान दिसला.

काम उत्तम झालं. पन्नासेक माणसं रोज येत होती, बायका दगड वाहत होत्या. पावसाळ्यात बंधारा भरला आणि पाट कित्येक वर्षांनी पहिल्यांदा शेवटच्या वावरापर्यंत ओला झाला.

भांडण सुरू झालं ते रब्बीत, गव्हाला पाणी देताना. भास्करने आपल्या पाळीला आपलं वावर भिजवलं आणि शेजारी म्हणाला, जास्त वेळ भिजवलं. नव्हतं भिजवलं. मी स्वतः चौकशी केली. पण ज्याच्या हातात पाणी त्याचंच वावर भिजताना दिसत होतं. नानांच्या बाबतीत ही शंका यायला जागाच नव्हती. नानांना त्या पाण्याचा थेंबही नको होता.

भास्करने मग एक पाळी स्वतःच्या गव्हाला पाणीच दिलं नाही.

"ताई, माझा गहू मी वाळू दिला," तो मला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तरी लोक म्हणतात नाटक करतोय."

त्याने काम सोडलं. दुसरा आला, तोही वावरवालाच. महिन्याभरात जो तो आपापला पाट फोडू लागला. वरच्या अंगाला दोघांनी पाणी उपसायला नदीवर इंजिनं बसवली.

मी नानांना शोधत गेले. ते बायकोबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले होते. पाटकरीपण गेल्यावर खळ्यावरचं धान्यही गेलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याआधी आलंच नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गावी आले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या हातांना उसाच्या पात्यांनी चरे पडले होते.

"नाना, माझं चुकलं. परत या. मी अट बदलून आणते. गाव हो म्हणतंय."

त्यांच्या बायकोने, अक्कांनी, मला पाणी दिलं.

"पहिले कोनी इचारे नही," नाना म्हणाले. "आते बठ्ठा इचारतीन." पाणी नानांच्याच हातात का, हे आता सगळेच विचारणार होते.

मी रडले. अक्का म्हणाल्या, राहू द्या ताई, तुम्ही वाईट करायला थोड्याच आला होता. त्यामुळे जास्तच रडू आलं.

दिल्लीला पत्र लिहून मी ती अट बदलून घेतली. मंजुरी यायला वर्ष लागलं. तोवर फड मोडले होते. कुणी कांदा लावला, कुणी ऊस, एकाचं पीक दुसऱ्याच्या पाळीत बसेना. नाना दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात राहिले. काही वर्षांनी ते तिकडेच वारले. मला दोन महिन्यांनी कळलं.

नंतरच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. गावात एखादं काम कोण करतं हे विचारलं की, ते त्यालाच का दिलंय हेही विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत पेन बंद ठेवायचं.

बंधारा अजून भक्कम आहे. संस्थेचे लोक पाहुण्यांना तो दाखवायला नेतात. पाट कोरडा का, असं पाहुण्यांनी विचारलं की पाऊस कमी झाला म्हणून सांगतात. पाऊस कमी झाला हे खोटं नाही. मीही बरीच वर्षं तेवढंच सांगत होते.