वॉरंटीत न बसणारं कुंकू

मला राग पटकन येतो आणि तितक्याच पटकन जातो, असं माझी आई सांगायची. त्या लॅपटॉपचा राग मात्र अजून गेलेला नाही.

म्हैसूरजवळ हिनकलला आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहतो ते घरमालक पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे मराठी. पूर्वी त्यांच्या घरात कापडं रंगवायचे, आता घरमालकांचं, म्हणजे अण्णांचं, झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांची मुलगी गेल्या वर्षी इंजिनियरिंगला लागली. कॉलेज हुणसूर रोडवर येलवालच्या पुढे, रोज बसने जायचं. मी सोलापूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथे आलेली, म्हणजे त्यांच्या लेखी लॅपटॉपमधली तज्ज्ञ. अण्णा जिना चढून वर आले.

"अक्का, तुम्ही सांगाल तोच घ्यायचा. फार भारी नको, अगदी हलका पण नको. चार वर्षं चालायला पायजे, अल्वा? हो की नाही?"

माझी छाती फुगली. दोन रविवार खर्चून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन, बॅटरी, वजन. इंटरनेटवरचे परीक्षक एका सुरात सांगत होते की विद्यार्थ्यांसाठी याच्याइतका पैसा वसूल लॅपटॉप नाही. हे लोक चार दिवस एसीत, टेबलावर मशीन ठेवून निकाल देतात. एकाने तरी ते पाठीवरच्या सॅकमध्ये घालून सकाळी हुणसूर रोडच्या बसमध्ये उभं राहून दाखवावं! खाली दोन-तीन गिऱ्हाइकांनी बिजागरी कुरकुरते असं लिहिलं होतं. या किमतीत एवढं चालायचंच, असं म्हणून मी पुढे गेले. तक्त्यात बिजागरीचा रकानाच नव्हता.

ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप ऑगस्टमध्ये आला. मग दसऱ्यात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. इथे ती नुसती शस्त्रांची राहिलेली नाही. बस, रिक्षा, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना त्या दिवशी हार आणि गंध. अण्णांच्या देवघरासमोर झेरॉक्स मशीनचा ट्रे, मुलीची सायकल आणि मधोमध उघडलेला लॅपटॉप. अण्णांच्या बायकोने, वहिनींनी, त्याला हळदकुंकू वाहिलं, मला प्रसाद दिला. मीही हात जोडले.

नोव्हेंबरात एका दुपारी लॅपटॉप मिटताना कट्‌कन आवाज झाला आणि उजवीकडची बिजागरी स्क्रीनसकट उचकटली. सोमवारी पोरीला कॉलेजात प्रोजेक्ट चालवून दाखवायचा होता, त्याचे मार्क वर्षाच्या निकालात धरणार होते. ती स्क्रीन मागून पोह्यांच्या डब्याला टेकवून काम करत बसली. वॉरंटी वर्षाची होती, म्हणून शुक्रवारी मी सुट्टी टाकून अण्णांबरोबर सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथल्या माणसाने मशीन आत नेलं, वीस मिनिटांनी बाहेर आणलं आणि त्यातल्या पंख्याच्या जाळीवर बोट ठेवलं. तिथे लाल पूड होती.

"आगल्ल म्याडम, होणार नाही. बाहेरचा पदार्थ आत गेलाय. वॉरंटी रद्द."

"अहो, तुटलीय बिजागरी! कुंकवाने बिजागरी तुटते?"

"नियम तसा आहे."

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या काउंटरकडे गेलं. बिलाच्या प्रिंटरवर वाळलेला झेंडू चिकटलेला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या पेटीला गंधाची तीन बोटं, आणि त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या कपाळावर हा एवढा टिळा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मग ही तुमची पूजा कुठल्या नियमात बसते?"

त्याने प्रिंटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "म्याडम, आमचे वॉरंटीत नाहीत."

मी आणखी बरंच बोलले. मॅनेजरला बोलवा म्हणाले, तक्रार लिहून दिली, पेन आपटलं. उपयोग शून्य. पण खरा संताप आला तो बाहेर पडल्यावर. अण्णा दुरुस्तीच्या खर्चाचा कागद घडी करत अगदी हळू म्हणाले, "बिडी अक्का, जाऊ द्या. चूक आमचीच. पूजेत ठेवायलाच नको होतं."

त्या भल्या माणसाला सर्व्हिस सेंटरवाल्यांनी त्याच्याच देवघरापुढे गुन्हेगार करून सोडलं होतं. मी रस्त्यातच त्यांच्यावर ओरडले, "अण्णा, चूक तुमची नाही!" त्यांनी कागद खिशात घातला. कोणाची आहे, हे मात्र मी सांगितलं नाही.

संध्याकाळी मी माझा घरचा लॅपटॉप खाली नेऊन पोरीला दिला. प्रोजेक्ट होईपर्यंत वापर म्हणाले. तिने झाकण एका बोटाने उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"किती घट्ट आहे आंटी. तुम्ही घेताना हे बघितलं होतं?"

बघितलं होतं. दुकानात उभी राहून दहा वेळा उघडमीट केली होती, दुकानदार वैतागेपर्यंत.

"हो," मी म्हणाले.

"मग माझा का नाही बघितला?"

वहिनी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते. दिवसभर साऱ्या जगावर चाललेल्या तोंडाने मी त्या चहावर फुंकर घालू लागले.