डावीकडचं न दिसणारं माणूस

दर्यापूरच्या बाजारात आमचं हारफुलांचं दुकान होतं. मोठाई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, मधोमध बसून हार ओवायची. माझी आई तिच्या डाव्या हाताला बसून सुटी फुलं तोलायची. एका हिवाळ्यात मोठाई आईनं पुढे केलेली शेवंती घेईनाशी झाली. आईनं वाटलेला ठेचाही ताटात डावीकडे तसाच पडून राहायचा.

"मले पाह्यतच नाईत त्या," आई म्हणाली. "वाटणीचं काहीतरी शिजून राह्यलं त्यायच्या मनात."

ते दिवसच तसे होते. आसपासच्या गावांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्येच्या बातम्या यायच्या. घरात कुणी गप्प झालं की आधी फवारणीचं औषध लपवलं जायचं. मोठाईच्या नवऱ्यानं, मोठ्या बाबांनीही, आमच्या शेतासाठी आणलेलं औषध हलवलं आणि ते विहिरीपर्यंत तिच्या मागे जायला लागले.

"काहून पाळत ठेवून राह्यले माह्यावर?" ती ओरडली.

डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग तर ती सोंगच करते, अशी आईची खात्री पटली.

पुढे मोठाई डावीकडून येणाऱ्या जीपसमोरच गेली. थोडक्यात वाचली. मी अमरावतीला कॉलेजात होते, म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे तिला मीच नेलं. त्यांनी तिला त्यांच्या नाकाकडे बघायला सांगून दोन्हीकडे बोटं हलवली. डावीकडची तिला दिसेनात. मग डोक्याचा फोटो काढला.

"बघतो तो मेंदू," ते म्हणाले. "तिथे मज्जापेशींना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी असतात. त्या मज्जापेशींना पोसतात, कचरा काढतात, कोणता निरोप किती जोरानं पोचावा यातही त्यांचा हात असतो. यांच्या मेंदूत उजवीकडे, मागच्या बाजूला त्यांचीच गाठ झालीय. म्हणून डावीकडचं यांना उमगत नाही. ऑपरेशन करून ती काढावी लागेल."

"डोये चांगले म्हंतेत अन् डोकं फोडाले निंघाले!" मोठे बाबा मला म्हणाले.

आईचाही विश्वास बसेना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती गुपचूप खाटेच्या डाव्या बाजूला गेली आणि मोठाईच्या गालाजवळ झेंडूचं फूल धरून उभी राहिली. मोठाई माझ्याशी बोलतच राहिली. "तुही माय नाई आली अजून?" तिनं विचारलं. आईनं उजवीकडे येऊन ते फूल तिच्या हातात ठेवलं.

गाठ निघाली, डावी बाजू मात्र परतली नाही. मोठाई मान पूर्ण वळवून बघायला शिकली, हारही ओवू लागली. मोठे बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, गाठ काढूनही दिसत नाही म्हणजे त्या डॉक्टरनं आत काहीतरी वेगळंच पाहिलं आणि आपल्याला सांगितलं नाही.