लडकूचा दम

लडकू निमसे मेला आणि आमच्या गावाला एकदम त्याचा अभिमान वाटायला लागला. आता आटगावात त्याच्या नावानं हुतुतूचे सामने भरवणार आहेत म्हणे. जिवंतपणी ज्याला कुणी ओटीवर बसवून पाणी विचारलं नाही, त्याच्यावर चार शब्द लिहून द्या म्हणून काल मंडळी माझ्याकडे कसाऱ्याला आली. 'साहेबांबरोबर रग्बी खेळलेला आपला माणूस' असं छापायचंय त्यांना. लिहितो. पण त्यांना हवंय तसं ते होईलसं वाटत नाही.

लडकू माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. हुतुतू त्याला मीच शिकवला. मान आखूड, मांड्या भक्कम. चढाईला गेल्यावर चौघांनी धरला तरी त्याचं 'हुतूतूतू' थांबत नसे. छातीवर माणसं घेऊन तो मधल्या रेघेकडे सरकत राही आणि तिला बोट टेकवूनच श्वास घेई. शहापुरात, मुरबाडात, म्हशाच्या जत्रेत लोक खास त्याला बघायला येत. मी त्याला एकच गोष्ट बजावली होती: धरलं तरी दम सोडायचा नाही.

१९३५ साली आम्ही दोघं कसाऱ्याला रेल्वेच्या गँगवर हंगामी लागलो. हंगामी म्हणजे मुकादमाची मर्जी फिरली की घरी. घाटातली इंजिनं चालवणारे गोरे संध्याकाळी तिथल्या मैदानात रग्बी खेळत. लांबट चेंडू काखेत मारून एकानं पळायचं, बाकीच्यांनी त्याला आडवं करायचं. त्यांच्या मोठ्या साहेबानं एकदा लडकूला हुतुतू खेळताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं फावडं काढून घेऊन हातात चेंडू दिला. खेळाडू म्हणून नव्हे. साहेबांनी अंगावर उड्या मारायचा सराव करायचा आणि लडकूनं पडायचं, एवढंच त्याचं काम.

तीन वर्षं तो पडला. दोन दात गेले, डावा खांदा निखळून कायमचा अधू झाला. धरल्यावर तो चेंडू पोटाशी आवळून धरी. मग चार-चार साहेब तो हिसकत आणि हसून हसून लोळत. त्यांची करमणूक होत होती. बिचाऱ्याला वाटे, आपली वाहवा चाललीय. मी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचो, सगळं बघायचो.

१९३८ ची दिवाळी झाल्यावर घाटावरच्या साहेबांशी सामना ठरला. दोन दिवस आधी एक गोरा तापानं आडवा झाला आणि पंधरावा माणूस मिळेना. साहेबानं लडकूला बोलावलं. जिंकलो तर तुला इंजिनाच्या शेडात खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून कायम करतो, म्हणाला. कायमची जागा एकच रिकामी होती. लडकूची बायको हिराबाई तेव्हा पोटुशी होती, आधीची दोन मुलं हातची गेलेली. कायम झालं की राहायला रेल्वेची खोली आणि औषधाला रेल्वेचा डॉक्टर. तिनं गावदेवीला नवस बोलला.

लडकू असा पळाला, की घाटावरच्या मडमासुद्धा खुर्च्यांवरून उठल्या. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा आमचे साहेब दोन गुणांनी पुढे होते. आपल्याच गोलाच्या खांबांसमोर लडकूच्या हाती चेंडू आला आणि तिघांनी त्याला पाडलं. त्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. चेंडू पोटाशी धरून, तिघांना अंगावर घेऊन पुढच्या रेघेकडे सरकत राहिला. तोंडानं हुतूतूतू चालूच. शिट्टी वाजली. तो थांबला नाही. पुन्हा वाजली.

त्या खेळात धरलेल्या माणसानं चेंडू तत्काळ सोडायचा असतो. नाही सोडला तर समोरच्यांना खांबांमधून मारायला मोकळी लाथ मिळते. त्यांनी ती मारली. तिचे तीन गुण झाले आणि सामना गेला.

साहेबानं लडकूकडे बघितलंही नाही. आठवड्याभरात त्याचं नाव हंगामी यादीतूनही गेलं. शिट्टी कशाला वाजली, हे त्याला कुणी समजावलं नाही. गावानं त्याला 'साहेबाचा बैल' म्हणून चिडवलं. खांदा अधू, त्यामुळे हुतुतूही सुटला. हिराबाईचं मूल नवव्या दिवशी गेलं. लडकू पुढची नऊ वर्षं उजव्या खांद्यावर लाकडाच्या मोळ्या वाहत जगला.

मला संताप येतो. साहेबाचा येतो, आणि आता हार घेऊन हिंडणाऱ्या या गावाचाही येतो. पण लिहायला बसलोच आहे, तर उरलेलंही लिहितो.

सामन्याच्या आदल्या दुपारी लडकू माझ्याकडे आला होता.

"दादा, तू रोज तिथं असतंस. मना धरला तर मग काय करायचा रे? सोडायचा का नाय?"

नियम मला ठाऊक होता. साहेब एकमेकांवर 'सोड, सोड' म्हणून ओरडत, ते तीन वर्षं मी ऐकत होतो. लडकूवर तेवढं कुणी ओरडत नसे, कारण त्याच्याशी ते खेळतच नव्हते. आणि हंगामी यादीत लडकूच्या खालोखाल नाव माझं होतं.

"आपल्या खेळात करतंस तेच कर," मी म्हणालो. "दम सोडू नको."

ती जागा मला मिळाली. हे लिहितोय तेही रेल्वेनं दिलेल्या खोलीत बसून.

शेवटच्या दुखण्यात त्याला बघायला गेलो होतो. त्यानं माझा हात घट्ट धरला आणि हिराबाईला म्हणाला, "दादानं मना बरोबर सांगितलेला गो. रेघ वीतभर राहिली. मीच कमी पडलो."

मी हात सोडवून घेतला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.