अकरा जणींचे एक्स-रे

"स्पुटम पॉझिटिव्ह आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे थुंकीतच टीबीचे जंतू सापडले होते. "बरी होईन ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "गोळ्या चुकवल्या नाहीत तर सहा महिन्यांत. पण आधी सांगा, तुमच्याजवळ कोण कोण बसतं?"

मी नवऱ्याचं नाव सांगितलं. पुढे जीभ उचलेना.

मी बडनेऱ्याला राहते. नवरा प्रकाश रेल्वेत आहे. आम्ही कॅथलिक. दर शनिवारी ऑटोनं अमरावतीला जायचं, तिथे सिस्टर चालवतात त्या वृद्धाश्रमात दिवसभर थांबायचं, असा माझा चार वर्षांचा नेम. अकरा म्हाताऱ्या आहेत. त्यांचं अंग पुसायचं, वेण्या घालायच्या. पातूरच्या यमुनाबाईला मोतीबिंदू, म्हणून तिच्या खाटेवर बसून तिला पेपर वाचून दाखवायचा. दार-खिडक्या बंद, कारण म्हाताऱ्यांना गारठा सोसत नाही. तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन मी तासभर मोठ्यानं वाचायची.

गेले दोन महिने मी खोकत खोकत वाचत होते.

खोकला मी थंडीवर ढकलला होता. अंगात कणकण असूनही शनिवार चुकवला नाही. मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेनंतर, चर्चबाहेर बाया माझं कौतुक करायच्या आणि ते मला आवडायचं. आता लपवून उपयोग नाही.

संध्याकाळी प्रकाशला सगळं सांगितलं. स्वतःची तपासणी करायला तो लगेच तयार झाला. आश्रमाचं नाव काढताच मात्र चिडला.

"तिथं कायले सांगतं? बिमारी तूच आनली म्हनतीन. मंग चर्चमदल्या एकाही बाईले आत घेनार नाहीत."

"आन त्यायच्यातल्या कोनाले झाला असंल त?"

तो उठून बाहेर गेला. मीही विषय वाढवला नाही. खरं तर त्याचं म्हणणं मला सोयीचं वाटलं होतं.

दोन दिवस मी वेगळ्या खोलीत मास्क लावून बसले. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी नारिंगी व्हायची. डॉक्टरबाईंनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. भीती दुसरीच होती. हातात जपमाळ घेतली की ओठ चालायचे, पण डोळ्यांपुढे त्या बंद खोलीतल्या अकरा खाटा यायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरांना फोन लावला.

सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी शिकल्या त्या अकोल्यात, त्यामुळे बोलतात आमच्यासारखंच. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "दोन दिवस कावून थांबली तू?"

"भेव वाटलं, सिस्टर."

"मले बी वाटून राहिलं. पन आज गाडी करतो आन साऱ्यायले नेतो दवाखान्यात."

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज दोन-तीन जणींचे रिपोर्ट यायचे. फोन मी पहिल्या रिंगलाच उचलायची. प्रकाशचा रिपोर्ट स्वच्छ आला. एकेक करत दहा जणींचे स्वच्छ आले. यमुनाबाईच्या एक्स-रेत डाग होता. तिची सीबीनॅट केली. ही थुंकीची मशीनवरची तपासणी, जंतू आहेत का आणि नेहमीचं औषध त्यांना लागू पडेल का, ते सांगते. जंतू होते.

तिच्या फुप्फुसात पोकळी पडलेली होती. "आजार बऱ्याच महिन्यांचा दिसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून त्यांना गेला की त्यांच्याकडून तुम्हाला, हे मी सांगू शकत नाही." यमुनाबाई वाळत चालली होती आणि आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं.

मी फोनवर तिची माफी मागितली. रडू आवरेना.

"तुह्यापासून मले झाला का माह्यापासून तुले, हे डॉक्टरीन बाईले समजलं नाही, त तू कायले रडून राहिली?" ती म्हणाली. "गोळ्या खाल्ल्या का?"

त्या दिवसापासून रोज सकाळी आठला मी तिला फोन करायची. दोघी एकाच वेळी गोळ्या घ्यायचो.

दुसऱ्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. गोळ्यांचा लिव्हरला त्रास झाला होता. तिला भरती केलं, गोळ्या थांबवल्या. नऊ दिवस मी आठ वाजता एकटीच गोळ्या घेतल्या. प्रार्थनेत मी देवाशी अक्षरशः भांडले. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी एकेक औषध पुन्हा सुरू केलं आणि ते तिला मानवलं.

तुमच्या हातात असा रिपोर्ट आला, तर तुम्ही ज्यांच्याजवळ बसलात त्यांना त्याच दिवशी सांगा. माझे दोन दिवस वाया गेले. आश्रमाचं दार कुणी बंद केलं नाही. सिस्टरांनी फक्त खिडक्या उघडल्या. आणि मी आजारी असताना त्यांनी रोजच्या मिस्सेत माझ्यासाठी प्रार्थना केली. कुणाकडून काही घेण्याची मला सवय नव्हती. ती लावून घ्यावी लागली.

सहा महिन्यांनी माझ्या गोळ्या संपल्या, रिपोर्ट स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशी मी निवांत झोपून राहिले. आठ वाजून गेल्यावर फोन वाजला.

"तुह्या गोळ्या सरल्या असतीन," यमुनाबाई म्हणाली. "माह्या बाकी हायेत ना अजून."

मी ताडकन उठून बसले.

"खाय," मी म्हणाले. "मी हावो लाइनवर."