डेमोतली ताई

"उद्या साडी नेसून ये," आदित्य सर म्हणाले. "ऑफिसवाली नको. रोजच्या वापरातली. जरा जुनी असली तरी चालेल. आणि केसांना तेल लाव."

टीममधले सगळे तिथेच उभे होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण सगळ्यांना ती साधी, कामाची गोष्ट वाटली.

आमचं ऑफिस सानपाड्याला. कारखान्यांसाठी आम्ही मोबाइलवरचं सॉफ्टवेअर बनवायचो. हजेरी, रजा, कामावर झालेली इजा. कामगाराने मोबाइलवर फॉर्म भरायचा, तो थेट साहेबाकडे पोचायचा. त्या फॉर्मची मांडणी हे माझं काम. इंग्रजीत एका शब्दात भागतं तिथे मराठीला तीन लागतात. मग छोट्या स्क्रीनवर वाक्य मध्येच कापलं जातं, बटणावरच्या वेलांट्या उडतात. इजेच्या फॉर्मवर मी कितीतरी दिवस घालवले होते. शब्द वर घेतले, रकाना खाली. टायपिंग जवळजवळ काढूनच टाकलं. हाताचं चित्र, त्यावर दुखावलेलं बोट दाबायचं, झालं.

कुणासाठी केलं ते मला ठाऊक होतं. माझी आई तुर्भ्याला मासळी गोठवणाऱ्या कंपनीत कोळंबी सोलते. बर्फाच्या पाण्यात राहून तिच्या बोटांची कातडी अशी झालीय की मोबाइलला तिचा स्पर्श पटकन कळत नाही. म्हणून बटणं मोठी ठेवली.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या कारखान्याचे लोक डेमो बघायला येणार होते. माझे फॉर्म त्यांना नेहा दाखवणार होती. नेहा माझ्यानंतर लागली, इंग्रजी फाडफाड. सरांना ती 'आदित्य' म्हणायची. माझ्या तोंडून 'सर'च निघायचं. आणि मी काय करायचं? कामगार बाई व्हायचं. आधी इंग्रजी फॉर्म घेऊन गोंधळायचं, चुकीचं बटण दाबायचं, कपाळाला हात लावायचा. मग मराठी फॉर्म पटापट भरून हसायचं.

"मीच का सर?"

"अगं, तुझा चेहरा बरोबर वाटतो. नेहा साडीत खोटी दिसेल."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी मान हलवली. मी अजून पर्मनंट नव्हते. ते पत्र हातात पडलं की आई कंपनी सोडणार होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती. गरज तिच्याहून मोठी होती.

घरी कोपरखैरण्याला येऊन आईकडे साडी मागितली.

"कोनाचं लगीन हाय?"

"ऑफिसात कार्यक्रम हाय. रोजची दे."

"रोजची नेसून जाशील ऑफिसात? लोक मला काय बोलतील?"

तिने तिची एकुलती चांगली हिरवी साडी काढली आणि त्या हातांनी इस्त्री करत बसली. लेकीचा ऑफिसात मान आहे, असं तिला वाटलं. मला रडू आलं. रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"जरा भारीच नेसलीस," सकाळी सर कुजबुजले. "जाऊ दे. पदर खोच."

माझ्या हातातल्या मोबाइलची स्क्रीन भिंतीवरच्या टीव्हीवर दिसत होती. नेहाने ओळख करून दिली. "या आपल्या ताई. तुर्भ्याला फॅक्टरीत काम करतात." नाव सांगितलं नाही. कारखान्याचे साहेब माझ्याकडे वाकले आणि लहान मुलाशी बोलावं तसे, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाले, "ताई, घाबरू नका. समजलं नाही तर सांगा."

माणूस वाईट नव्हता. माझ्या आईशीही तो असाच बोलला असता. आणि माझी आई? तिला फॉर्म समजला नाही तर ती कपाळाला हात लावत नाही. शेजारणीला विचारते, नाहीतर सुपरवायझरला हाक मारते. जे सोंग मला करायला सांगितलं होतं ते तिचं होतं. तिचीच साडी नेसून, तिलाच मूर्ख ठरवायला मी तिथे बसले होते.

मी इंग्रजी फॉर्म भरायला घेतला. सरळ भरत गेले. सर खोकले. नेहा म्हणाली, "ताई, सावकाश." मी शेवटचं बटण दाबलं, बरोबरचं. टीव्हीवर हिरवी खूण उमटली.

"मी फॅक्टरीत काम करत नाही," मी म्हणाले. "माझी आई करते. मी या ऑफिसात फॉर्म बनवते. हे दोन्ही फॉर्म मी बनवलेत. मराठीचा सोपा का झाला ते मी सांगते."

पण सांगू कोण देतंय? "छोटासा गैरसमज झालाय," असं हसत म्हणत सरांनी टीव्ही बंद केला. नेहा लॅपटॉपकडे बघत राहिली.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं.

"त्या कारखान्याच्या साहेबांना एक मेल टाक. तू स्वतःहून तयार झाली होतीस, ऐन वेळी घाबरलीस, असं लिही. बाकी मी सांभाळतो. पर्मनंटचंही बघू."

"मी घाबरले नव्हते सर."

"दोन ओळींचा प्रश्न आहे. आईचा तरी विचार कर."

"तोच करतेय. मी नाही लिहिणार."

महिनाअखेरीस मला काढलं. आईला सगळं सांगितलं, साडीसकट. तिने डबा भरून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "मंग आता?"

"दुसरीकडं बघते."

"बघ." आणि ती कामाला गेली.

ती अजून जाते. त्याचा मला रोज राग येतो आणि तो मी थंड होऊ देणार नाही. आता मुलाखतीत मी सुरुवातीलाच सांगते, माझं काम मीच दाखवणार, माझ्या इंग्रजीत, माझ्या नावाने. दोन ठिकाणी नकार आला. येऊ दे. वेळ आली तर आईशेजारी बसून बर्फात हात घालीन. पण अडाण्याचं सोंग करणार नाही, आणि माझ्या आईला अडाणी म्हणून कुणाला विकू देणार नाही.