पानशेतला बाबा बोलले

बाबांना आमच्याकडे पुण्यात वारज्याला आणलं तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता. दिवाळी झाल्यावर वर्ध्याजवळच्या आमच्या गावी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. राहिलं ते फक्त ‘नाही’. चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. नातीला जवळ बोलावताना नाही, आणि खिडकीतून मावळतीकडे बघताना, कुणी काही विचारलेलं नसताना, स्वतःशीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना सगळं समजतं, मनात शब्दही येतात, पण तोंडाशी येईपर्यंत त्यांचं ‘नाही’ होतं. बाबांनी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवला. दिवसभर बोलायचं हाच त्यांचा व्यवसाय होता.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. भाऊ नागपूरला एका कारखान्यात पाळीवर जातो, वहिनीही नोकरी करते. पहिला महिना त्यानेच दवाखान्यात काढला. नंतर मी म्हटलं, इथे आण. माझं आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं, बाकीचे दिवस आमचे हे दुपारची पाळी घेतील. ठरवताना ते सोपं वाटलं होतं.

पहिले दोन महिने मी त्यांच्या ‘नाही’चे प्रकार शिकत होते. तुटक ‘नाही’ म्हणजे नको. लांबवलेलं म्हणजे हो. दोनदा, भरभर म्हणजे तुला कळत नाहीये. हे तिसरं सर्वांत जास्त वेळा यायचं.

आमच्या हॉलला लागून मोठं टेरेस आहे. तिथे तीस-बत्तीस कुंड्या होत्या, बहुतेक अर्धमेल्या. जानेवारी संपत आला, थंडीचा जोर उतरला, आणि एका सकाळी बाबा चार पायांची काठी टेकत एकटेच टेरेसवर गेले. मी धावत गेले तर ते एका कुंडीवर वाकून डाव्या हाताच्या बोटाने माती उकरत होते. माती दगडासारखी झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “नाही.” हे चौथंच होतं. वर्गात एखाद्याची घाण वही हातात घेऊन ते असंच बघायचे.

मग आमच्याकडे जी धांदल सुरू झाली ती महिनाभर चालली. ह्यांनी शेणखताची आणि तांबड्या मातीची पोती गाडीत घालून आणली. मुलगी तेव्हा चौथीत होती, तिने शाळेतून आल्यावर निंबोळी पेंड मळायचं काम स्वतःकडे घेतलं आणि ती हात नाकाशी नेऊन किंचाळायची. रोज सकाळी साडेसहाला बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. एकेक कुंडी त्यांच्यापुढे आडवी करायची, थापट्या मारून झाड गड्ड्यासकट बाहेर काढायचं. वेटोळं झालेली मुळं कुठून कापायची ते बाबा बोटाने दाखवायचे. मी चुकीच्या जागी छाटणीची कात्री लावली की दोनदा भरभर नाही. जास्वंद छाटली, कढीपत्ता मोठ्या कुंडीत हलवला, गुलाबांची वाळकी लाकडं काढली. माझ्या नखांतली माती ऑफिसच्या मीटिंगमध्येही निघालेली नसायची. बाबांना भूक लागायला लागली. ते एक भाकरी जास्त खाऊ लागले आणि दुपारी गाढ झोपू लागले. फोनवर भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “हे तं लई चांगलं झालं वं,” आणि औषधांचं विचारून घाईने फोन ठेवला.

मोगरा सर्वांत शेवटी घेतला. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी आणलेला, कमरेएवढा वाढलेला, पण फुलं जेमतेम. बाबांनी तो माझ्याकडून गुडघ्याच्याही खाली कापून घेतला. उरलेली पानं एकूण एक खुडून टाकायला लावली. वरची माती काढून मुळं उघडी ठेवली आणि पाण्याचा मग माझ्या हातातून काढून खाली ठेवला. आठ दिवस झाले, दहा झाले, पाणी नाही. काटक्या तेवढ्या उभ्या. शेजारचे निवृत्त काका जिना उतरता उतरता आमच्या टेरेसकडे बघून म्हणाले, “झाड मारायचंच होतं तर आमच्याकडे द्यायचंत. आम्ही सावकाश मारलं असतं.”

मी हसले, पण ते मनात राहिलं. मला वाटायला लागलं की बाबांचं आता डोकंही नीट चालत नसावं.

त्या आठवड्यात माझं कामावर काही धड चाललं नव्हतं. मुलीला ताप होता, ह्यांची चाकणला रोज मीटिंग होती. अकराव्या की बाराव्या दिवशी, बाबा आत आहेत असं बघून, मी मग भरून मोगऱ्याला पाणी घातलं. काठीचा ठकठक आवाज आला. बाबा दारात उभे होते. “नाही नाही, नाही नाही,” करत ते इतक्या वेगाने पुढे आले की मला वाटलं पडतील. काठी उचलून त्यांनी माझ्या हातातला मग उडवला. उरलेलं पाणी माझ्या कपड्यांवर, आतल्या लॅपटॉपच्या वायरवर गेलं.

“बास करा हो, बाबा!” मी ओरडले. “ते एक ‘नाही’ सोडून तुम्हाला काही येतं का? दिवसभर नाही, नाही, नाही! मला नाही आता ऐकवत!”

माझा आवाज खाली पार्किंगपर्यंत गेला असणार. बाबा काठीवर वजन टाकून तसेच उभे राहिले. मग वळले आणि हळूहळू आत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी तो एक शब्दही टाकला. जेवण पुढे ठेवलं की जेवायचे. उठा म्हटलं की उठायचे. टेरेसवर जाणं बंद केलं. मुलीने विचारलं, “आई, आजोबांचा आवाज संपला का?” मी तिला अभ्यासाला बसवलं.

मी माफी मागितली नाही. पुन्हापुन्हा ठरवलं, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि “औषध घेतलंत का?” एवढंच विचारून परत आले. त्याऐवजी रविवारी हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. मोगऱ्याचं नवं रोप आणून ठेवावं, म्हणजे त्यांना बरं वाटेल असं काहीतरी मनात होतं. नर्सरीवाले आजोबा साठीचे, डोक्याला मुंडासं. मी त्यांना फोनमधला फोटो दाखवला आणि झाड मेलंय म्हणून सांगितलं.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. “मेलं कुठं? ताण दिलाय की ह्याला. पाणी तोडायचं, पानं काढायची, मंग खत घालून पाणी सोडायचं. सगळी ताकद कळीत येती. कुणी केलंय?”

“वडिलांनी.”

“जाणता माणूस हाय.”

“मी मध्येच पाणी घातलं. अकरा-बारा दिवस झाले होते.”

“घालू द्या. दोन दिवसांनी तसंही घालायचंच होतं,” ते म्हणाले, आणि मला रोप विकायला साफ नकार दिला.

दोन दिवस. त्यांना दोन दिवसांनी पाणी द्यायचं होतं आणि हे मला सांगण्यासाठी त्यांच्यापाशी ‘नाही’ सोडून शब्द नव्हता. परत येताना सिग्नलला गाडी बंद पडली तेव्हा मागचा रिक्षावाला काय काय बोलला ते मला ऐकू आलं, पण लागलं नाही.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाडव्याला जोडून रविवार येतोय. आपण सगळे दोन दिवस कुठेतरी जाऊ. घरात राहून हे सुटायचं नाही.”

पानशेतच्या पाण्यालगत एका कुटुंबाने दोन खोल्या बांधून पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. तिथे काहीही बघण्यासारखं नाही म्हणून ह्यांनी ती जागा निवडली. खडकवासला मागे टाकल्यावर रस्त्याकडेला एक पळस संपूर्ण पेटल्यासारखा फुललेला दिसला. बाबांनी काचेला हात लावला. आमच्या गावाकडे ह्या दिवसांत रानंच्या रानं अशी असतात. ह्यांनी कुणी न सांगता गाडी थांबवली आणि निघाल्यावरही तो दिसेनासा होईपर्यंत सावकाश नेली.

त्या दोन दिवसांत आम्ही खरोखर काही केलं नाही. आंब्याखाली चटई टाकली होती. छोट्या कैऱ्या पडायच्या, मुलगी त्या गोळा करून मीठ लावून खायची. घरच्या मावशी पिठलं-भाकरी आणून ठेवायच्या आणि बाबांना म्हणायच्या, “जेवा आण्णा, लाजू नगा.” बाबांना त्यांनी एकदाही “काय होतंय?” असं विचारलं नाही. हे आडवे होऊन घोरायचे. मी फोन बॅगेत ठेवला होता. पुण्यात दिवसभर माझ्या मानेत एक कळ असते, ती तिथे नव्हती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाबांची खुर्ची पाण्याच्या काठाशी नेली. त्यांचे पाय पाण्यात सोडले. मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून चपटे दगड फेकत होती. शाळेत पाढे येत नाहीत म्हणून बाईंनी वहीत शेरा दिला होता, तेव्हा हे काठावरून तिला पाढे म्हणायला लावत होते. पंधराचा झाला, सोळाचा झाला. सतराला ती रखडली.

“सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक एकशे दोन. सतरा सत्ते... सतरा सत्ते...”

“एकशे एकोणीस,” कुणीतरी म्हणालं.

मला वाटलं हे बोलले. ह्यांना वाटलं मी. मुलगी मात्र आजोबांकडे बघत होती.

“सतरा आठे एकशे छत्तीस,” बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता, ‘छ’ घसरत होता, पण चाल तीच, वर्गातली, शेवटच्या अक्षरावर जरा टेकणारी. “सतरा नवे एकशे त्रेपन्न. सतरा दाहे एकशे सत्तर.”

पुढे कुणी सांगायच्या आत त्यांनी अठराचा सुरू केला. मुलगी त्यांच्या मागोमाग ओरडून म्हणायला लागली. हे तोंड फिरवून डोंगराकडे बघत राहिले. एकोणतीसपर्यंत बाबा थांबले नाहीत. तिसाला हसले, कारण तिसाचा पाढा सगळ्यांनाच येतो.

मी खाली वाळूत बसले. त्यांचा लुळा हात माझ्या हातात घेतला. “बाबा, माझं चुकलं,” मी म्हटलं. “मोगऱ्याचंही चुकलं आणि बोललेलंही. नर्सरीवाल्यांनी सांगितलं मला, तुम्ही काय करत होतात ते.”

त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ओठ हलले, कपाळावर आठ्या आल्या, आणि बऱ्याच खटपटीनंतर बाहेर आलं ते, “नाही.” लांबवलेलंही नव्हतं आणि तुटकही नव्हतं. माझ्या यादीत न बसणारं होतं. मग त्यांनी चांगल्या हाताने माझ्या डोक्यावरचं वाळलेलं पान काढून पाण्यात टाकलं.

पुण्याला आल्यावर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना मी आनंदाने सांगितलं. त्यांनी समजुतीने सांगितलं की पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठलेलं असतं, ते बोलणं नव्हे, त्यावर फार आशा ठेवू नका. त्यांचं खरं ठरलं. बाबांना नवा शब्द कधी आला नाही. पण रोज संध्याकाळी आजोबा आणि नात पाढे म्हणायचे, आणि त्या अर्ध्या तासात आमच्या घरात एक मास्तर असायचे. पुढच्या वर्षी श्रावणात त्यांना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले.

तेराव्यानंतर भाऊ आणि मी गावच्या घराच्या पायरीवर बसलो होतो. त्याने विचारलं, “शेवटी शेवटी बोलले का वं काही?” मी त्याला पानशेतचं सांगितलं. मग, का कोण जाणे, मी ओरडले होते तेही सांगितलं, शब्द न गाळता.

त्याने पायरीवरची एक काडी उचलून अंगणात टाकली. “मी पन ओरडलो होतो त्यायच्यावर,” तो म्हणाला. “नागपूरले, दवाखान्यात. त्या ‘नाही’वरूनच. म्हनून तं तू ‘इथे आण’ म्हटलं, तवा मी लगेच हो म्हनलो.”

पावणेदोन वर्षं हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा. मी त्याला विचारलं, तू माफी मागितलीस का? त्याने नकारार्थी मान हलवली. मग तो रडला, आणि मी त्याच्या शेजारी बसून राहिले. आतून वहिनीने जेवायला हाक मारली, तरी आम्ही उठलो नाही.