काठावरचा माणूस

मी मूळचा नदीकाठच्या चामटोलीचा. आमच्याकडे पोरांना पोहायला कुणी शिकवत बसत नाही. पाठीला रिकामा डबा बांधून नदीत सोडतात आणि एक दिवस डबा काढून घेतात. नियम एकच. घरातलं मोठं माणूस काठावर उभं असल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, आणि दर आठ-दहा हातांनी मान वर काढून त्या माणसाकडे बघायचं. त्याने हात वर केला की गुपचूप परत फिरायचं. वरून काय वाहत येतंय ते काठावरच्यालाच आधी दिसतं. माझ्या वेळी माझे वडील उभे राहायचे, माझ्या मुलीच्या वेळी मी उभा राहिलो.

आता आम्ही मांजर्लीत राहतो. तिथे एखाद्या पावसाळ्यात नदीच घरी येते, म्हणून पोरीला पोहता आलंच पाहिजे हा माझा हट्ट होता. दहाव्या वर्षी तिला अंबरनाथच्या तरण तलावावर नेलं तेव्हा माझी छाती चांगलीच फुगलेली होती. हिला सरळ स्पर्धेच्या गटात घ्या, असं मी तिथल्या मॅडमना सांगितलं. मॅडम उल्हासनगरच्या, कॅम्प चारमधल्या. त्यांनी तिला एक फेरी मारायला लावली आणि हातात पांढरी टोपी ठेवली.

"पांढरी म्हणजे?"

"पहिली लेव्हल."

"अहो, ती नदीत पोहते!"

"दिसलं ना मला. डोकं वर, पाय खाली. एकदम झीरोपासून चालू करू."

पहिल्या पातळीत सहा-सहा वर्षांची पोरं पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडत होती, आणि त्यांच्या मधोमध माझी मुलगी. मला इतका राग आला की दोन आठवडे मी मॅडमशी बोललो नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पांढरीनंतर पिवळी टोपी, तिच्यात पोहण्याचे चार प्रकार. मग लाल, म्हणजे भिंतीशी वळणं आणि घड्याळ. सगळ्यात वर काळी. स्पर्धेला नेतात ते फक्त काळ्या टोपीवाल्यांना. माझा राग उतरला तो त्यांना पाहूनच. एका सकाळी लवकर पोचलो होतो. आठ मुलं एकामागोमाग पोहत होती आणि पाण्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. भिंत आली की कोलांटी, पायांचा एक रेटा, आणि मूल अर्धा तलाव पाण्याखालून पार. एक अकरा-बारा वर्षांची मुलगी येऊन भिंतीला टेकली. मॅडमनी घड्याळ मुठीत झाकून विचारलं, "किती सेकंद झाले?" मुलीने दम घेत आकडा सांगितला. मॅडमनी मूठ उघडून मला दाखवली. सेकंदाचाही फरक नव्हता. मी जन्मभर पाण्यात हात मारले, पण असं काही माणसाला जमू शकतं हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या रविवारी मोठ्यांच्या वेळेत मी स्वतः उतरलो. एका फेरीत धाप लागली आणि शिडीला धरून बराच वेळ उभा राहिलो.

पोरगी दोन वर्षांत लाल टोपीपर्यंत आली. काळीसाठी चाचणी होती, दोनशे मीटर, म्हणजे तलावाच्या आठ फेऱ्या, ठरलेल्या वेळेत. ती दोनदा हुकली, दोन्ही वेळा थोडक्यात. तिसऱ्यांदा हुकलं तर वर्षभर थांबायचं, आणि वर्षभर थांबायचं असेल तर मी सोडणार, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. ती हे रडत म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती जेवता जेवता, शांतपणे म्हणाली, त्यामुळे माझं धाबं दणाणलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"पप्पा, वाईट वाटून घेऊ नका. ती दर आठ-दहा हातांना डोकं वर काढते, तिथेच सेकंद जातात. मला वाटलं जुनी सवय आहे, निघून जाईल. पण तुम्ही ज्या दिवशी येत नाही ना, त्या दिवशी नाही काढत. ती तुम्हाला बघते."

माझ्या बापाने मला दिलेली आणि मी मोठ्या प्रेमाने तिला दिलेली गोष्टच तिला दोनदा नडली होती.

"मग उद्या मी घरीच थांबतो."

"नको, मग टेन्शन घेईल. शिट्टी होईपर्यंत तुमच्या जागेवरच उभे राहा. तिने उडी मारली की निघायचं. मागे वळून बघायचं नाही, काय?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागेवर, रेलिंगपाशी उभा राहिलो. तिने चष्मा डोळ्यांवर ओढता ओढता माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. शिट्टी झाली, ती पाण्यात गेली आणि मी निघालो. ती दहावा हात मारेल, मान वर काढेल आणि तिथे कुणी नसेल, या विचाराने मला फार लांब जाववलं नाही. पंपाच्या खोलीमागे जाऊन उभा राहिलो. पंप घोंघावत होता. त्यातून पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं, तीन, चार, पाच, पोरं तिच्या फेऱ्या मोजत होती. मी डोळे मिटून घेतले होते. आठ म्हणून ओरडा झाला आणि मग नुसत्या टाळ्या.

ती टॉवेल गुंडाळून धावतच आली. चार सेकंद राखून पास झाली होती. मी तिला ओलीचिंब तशीच मिठीत घेतलं. मला रडू आवरेना.

"बाबा, सहाव्या फेरीचं वळण पाहिलंस ना? माझं आजवरचं बेस्ट होतं!"

"मी नव्हतो गं तिथे," मी म्हणालो. "तू उडी मारलीस तेव्हाच बाहेर आलो."

"हो? मला कळलंच नाही," ती म्हणाली, आणि केस पुसत पुसत सातव्या फेरीचं सांगू लागली.